पाण्यापासून सुरुवात

उतबान मिठाला निघाला तेव्हा मला नववा लागला होता.
सहा उंट, पाण्याच्या दोन पखाली,
आणि त्याच्या भावाची कुऱ्हाड, दांडा नवा.
कान फाटलेली सांडणी माझ्याकडे ठेवली, दुधासाठी.
मी ‘लवकर ये’ म्हटलं नाही.
घाई करणारा घामाघूम होतो,
आणि आमच्या दानाकिलात घाम म्हणजे उधळपट्टी.

आमचं पाणी जमिनीतून वाफ होऊन येतं.
भेगेवर दगडांची घुमटी रचायची,
फटी गवताने बुजवायच्या, मग वाट पाहायची.
आत वाफ दगडाला टेकते, थकते,
थेंब होऊन खाली उतरते.
रात्रभरात एक लोटा.
पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं,
दुसऱ्याला आई आठवते.

दुपारी काही करायचं नाही.
हेही काम आहे, शिकावं लागतं.
सांडणी सूर्याकडे तोंड करून बसते,
म्हणजे उन्हाच्या हाती तिचं अंग कमी लागतं.
शेळ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसतात,
प्रत्येकीला वाटतं, सावली दुसरीची.
दूर धारेवर एक रानगाढव नुसतं उभं,
जरा वारा लागतो म्हणून.
मी चटयांच्या झोपडीत, पोटावर हात ठेवून.
त्या वेळी पोटातलं मूलही हलत नसे.
जन्मायच्या आधीच त्याला दुपार कळली होती.

परतीच्या वाटेवर, उन्हं कलताना,
उतबानला एक अनोळखी माणूस भेटला.
एकमेकांच्या हातावर ओठ टेकवून झाले,
दोघं एका उंटाच्या सावलीत उकिडवे बसले
आणि दागू सुरू झाला.
दागूत मध्ये बोलायचं नसतं.
जिभेला हाड नसतं, तरी दागूत ती सरळ चालते;
खोट्या माणसाला पुढच्या विहिरीवर कुणी दोर देत नाही.

अनोळखी सांगत गेला:
काळ्या खडकामागची विहीर बसली.
दक्षिणेला ढग दिसले, पडले नाहीत.
बाभळींपाशी दोन दिवसांचा चारा आहे,
मी पाहिला त्याला चार दिवस झाले.
खालच्या वस्तीत शेळ्यांना खोकला आहे, वळसा घाला.
बायका वाफ धरतात त्या डोंगराजवळ
एक कान फाटलेली सांडणी मेली.
तिच्या शेजारच्या झोपडीत मुलगी झाली.
आई बोलते, पाणी पिते.
बाप मिठाला गेलाय म्हणे.
आणि दोन दिवसांत आगीचा वारा उठेल.

उतबान वाऱ्यापर्यंत ऐकत राहिला.
भीतीने तोंडचं पाणी पळतं म्हणतात.
तो सांगतो, तीन दिवसांनी माझ्या तोंडात पाणी आलं.
डोळ्यांत? छे, तिथलं महाग असतं.

मग त्याची पाळी. त्यानेही क्रम मोडला नाही.
खिंडीतल्या खड्ड्यात पाणी आहे, कडू, उंटांना चालेल.
यंदा मिठाचा थर जाड आहे.
दोन ट्रक आले होते, भाव पाडून गेले.
इद्रिसच्या तळव्याला भेग पडली, चालतोय.
आणि शेवटी, दोर गुंडाळता गुंडाळता:
त्या मुलीचा बाप मी.
सांडणीही माझीच.

अनोळखी हसला नाही, हळहळला नाही.
सैल गाठ पुन्हा आवळावी
तशी त्याने बातमी मनात नीट बांधून घेतली
आणि उत्तरेला निघून गेला.

त्यामुळे झालं असं,
की ज्या वस्त्या मी कधी पाहणार नाही
तिथे माझी मुलगी तिच्या नावाआधी पोचली,
विहीर आणि वारा यांच्या मध्ये कुठेतरी.

उतबान आला तेव्हा ती नऊ दिवसांची होती.
सांडणीची जागा रिकामी होती, तिथे त्याने मीठ उतरवलं.
मुलीकडे पाहिलं नाही अजून.
माझ्यासमोर उकिडवा बसला, हातावर ओठ टेकवले,
म्हणाला, हसना, काय खबर?

रीत ती रीत.
मी पाण्यापासून सुरुवात केली.